शिंगांना टोप्या

राऊतमास्तरांच्या हातचा चहा मी पहिले तीन महिने प्यालो नाही. तलासरीच्या गुरांच्या दवाखान्यात एकच स्टोव्ह होता आणि त्यावर चढवायची ॲल्युमिनियमची पातेली दोन. एकात टाके घालायच्या वाकड्या सुया आणि रेशमाचा दोरा उकळायचा, दुसऱ्यात चहा. कुठलं पातेलं कशाचं हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं, आणि तेही कधीकधी विसरत असावेत असा मला दाट संशय होता. "घ्या साहेब, काही होत नाही. झालंच तर जखम भरून येईल," असं म्हणून ते कप पुढे करायचे. चौथ्या महिन्यात एका पावसाळी दुपारी मी हार मानली. चहाला फिनेलचा बारीक वास होता. पुढची चार वर्षं मी तोच चहा प्यालो आणि बदली झाल्यावर साध्या चहाला चवच लागेना.

मी मुंबईहून नवीकोरी पदवी घेऊन आलेला ढोरांचा डॉक्टर आणि ते माझ्या हाताखालचे कंपाउंडर, असं सरकारी कागदावर होतं. प्रत्यक्षात लोक बैल घेऊन यायचे, मला नमस्कार करायचे आणि मास्तरांकडे जायचे. त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण जनावर खोड्यात घातलं की त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं आणि शेवटचा टाका पडेपर्यंत चालायचं, म्हणून ते मास्तर. व्याख्यान मालकाला असायचं. जनावराशी ते वेगळ्या आवाजात बोलत, अगदी कानाला लागून. गुजरातेतून आलेल्या बैलाशी गुजरातीत, आमच्याकडच्याशी मराठीत. नाव काहीही असो, प्रत्येक जनावर त्यांच्यासाठी 'राजा' असायचं. "मान खाली घाल, राजा. झालं हं, एकच टाका," हे ते आठव्या टाक्यालाही म्हणायचे.

खाली पांढरा लेंगा, वर काळा कोट, डोळ्यांवर सुतळीने बांधलेला चष्मा. कोटाचे दोन्ही खिसे सोमवारी चिकूंनी फुगलेले असत, कारण शनिवारी ते एस.टी.ने बोर्डीला घरी जात आणि घरची वाडी चिकूची होती. एक चिकू जनावराला, एक मालकाला. मला उरला तर.

पण मास्तरांचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. पाडव्याला पूर्वेकडच्या पाड्यांवर रेड्यांच्या झुंजी लागत. भाताच्या चिखलात वर्षभर राबलेला रेडा त्या दिवशी तेल लावून, शिंगं गेरूने रंगवून, गळ्यात झेंडूची माळ घालून माळावर आणायचा आणि दुसऱ्या पाड्याच्या रेड्यासमोर उभा करायचा. दोघांची डोकी भिडायची. एकाने पाठ फिरवून पळ काढला की झुंज संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या पायरीवर मंडळी हजर. गंमत म्हणजे जखमी रेड्याबरोबर मालक दोन. एक हरलेला, एक जिंकलेला. आणि दावं जिंकलेल्याच्या हातात. तिथली रीतच तशी होती. जिंकणाऱ्याने हरलेल्याची जखम आपल्या हाताने धुवायची आणि ती सुकेपर्यंत त्याला आपल्या हाताने खाऊ घालायचं. शिजवलेले कुळीथ, नाचणीची भाकरी आणि गुळाचा खडा. यात कसूर झाली तर पुढच्या वर्षी त्याच्या रेड्यासमोर कुणी आपला रेडा आणत नसे.

मास्तर सुईत दोरा ओवता ओवता दोघांवर तुटून पडायचे. "लाज वाटते का रे? मुक्या जनावराचं पोट फाडून सण करता? तुमच्याच बरगडीत शिंग घालून बघा एकदा!" दोघे खाली मान घालून उभे. मग टाका घालता घालता मास्तर हळूच विचारायचे, "पहिला घाव डावीकडून बसला ना? मग त्याने मान खाली का नाही घेतली? तिरपी धडक घेतली असणार. गेल्या साली पण याने तेच केलं." मालकांचे चेहरे खुलायचे. पाच मिनिटांत तिघांची चर्चा अशी रंगायची की मी टिंचरची बाटली हातात धरून नुसता उभा. बरं, एवढं करून मास्तर शपथेवर सांगायचे की आपण आयुष्यात एकही झुंज पाहिलेली नाही.

दुसऱ्या वर्षी पाडव्याला मी सायकल काढून एका पाड्यावर गेलो. हजारभर माणूस जमलेलं, ताडीचा वास, ढोलाचा दणका. गर्दीत शिरायला जागा मिळेना म्हणून कडेच्या गवताच्या गंजीकडे गेलो, तर गंजीच्या टोकावर एक काळा कोट. हातातली छत्री तलवारीसारखी फिरवत आमचे मास्तर ओरडत होते, "मान खाली घाल, राजा! अरे खाली! खाली!" चष्म्याची सुतळी सुटून एका कानावर लोंबत होती. माझ्याकडे लक्ष गेलं तसे ते गंजीवरून घसरत खाली आले, कोटावरचं गवत झटकलं आणि म्हणाले, "नोंदी घेत होतो साहेब. जखमा कुठे होतात ते कळलेलं बरं." मी वही कुठे आहे असं विचारलं नाही. त्यांनी खिशातून चिकू काढून माझ्या हातावर ठेवला. तो मी लाच म्हणून खाल्ला.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई बोर्डीच्या शाळेत शिक्षिका होत्या. उंचीने मास्तरांच्या खांद्याखाली, आवाजाने दोन गावं पलीकडे. खादीची पांढरी साडी. त्या मांस खात नसत, मास्तर चोरून मासे खात, आणि ते सुमतीबाईंना माहीत आहे हे मास्तरांना सोडून सगळ्या बोर्डीला माहीत होतं. एकदा झुंजीनंतरच्या सकाळी त्या अचानक दवाखान्यात आल्या. खोड्यात रावजीचा रेडा भोवऱ्या उभा होता. रावजी म्हणजे जवळच्या पाड्यावरचा शेतकरी, काटक, कमी बोलणारा, आणि मास्तरांचा जिवलग. दोघांची दोस्ती भोवऱ्याच्या अंगावर टाक्याटाक्याने वाढलेली. सुमतीबाईंनी रेड्याच्या मांडीवरची जखम पाहिली आणि रावजीला तिथेच धारेवर धरलं.

"बाई, सालभर मी त्याच्या मागं नांगर धरतो," रावजी म्हणाला. "येक दिस तं तो मोठा नि मी बारका. लोक त्याला बघाया येतात, मला नाय. तुमी शाळंत पोरांच्या कुस्त्या लावता, त्येंना कोन इचारतं?"

"पोरगं नाही म्हणू शकतं, रावजी. हा कसा म्हणेल?"

"यो पन म्हनतो ना. पळतो. पळाला का झाला. पळनाऱ्याच्या मागं कोन लागत नाय, बाई. तेवढा धरम आमचा पन हाय."

सुमतीबाईंनी जखमेकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "पळायच्या आधी पोट फाटलं तर?" यावर रावजी भोवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मास्तर तर पहिल्यापासूनच गप्प होते; सुई तोंडात धरल्याचं निमित्त त्यांना फार सोयीचं होतं.

साठ-एकसष्टच्या सुमारास जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्ध नवा कायदा झाल्याची बातमी आली, आणि काही महिन्यांनी ठाण्याहून कचेरीमार्फत एक अर्ज आमच्या टेबलावर येऊन पडला. तलासरीकडच्या झुंजी बंद कराव्यात असा अर्ज, आणि वर शेरा: 'दवाखान्याच्या अभिप्रायासह परत पाठवावे.' मास्तरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"साहेब, हा अर्ज आमच्याकडून आलाय."

"आमच्याकडून म्हणजे?"

"घरातून. हे अक्षर मी रोज वाण्याच्या यादीत वाचतो."

अभिप्राय खरं तर मी लिहायचा. पण पाड्यावरच्या लोकांचा राग ओढवून घ्यायची माझी छाती नव्हती, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी म्हणालो, "तुम्ही इतकी वर्षं पाहताय, मसुदा तुम्हीच करा. मी सही करतो." मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चहा प्यावासा वाटेना.

त्यानंतर जे सुरू झालं ते चार महिने चाललं. सोमवारचा मसुदा कडक असायचा, कारण शनिवार-रविवार बोर्डीत गेलेला असायचा. 'ही प्रथा अमानुष असून ताबडतोब बंद होणे इष्ट.' मंगळवारी बाजाराच्या दिवशी रावजी पायरीवर येऊन बसे. बोलत काहीच नसे, नुसता बसे. बुधवारी 'ताबडतोब' जाई. गुरुवारी 'अमानुष'च्या जागी 'काहीशी कठोर' येई. शुक्रवारपर्यंत मसुदा इतका मऊ पडे की त्यात झुंजीचं कौतुकच जास्त वाटे. शनिवारी मास्तर तो फाडून स्टोव्ह पेटवायला वापरत आणि एस.टी. पकडत. मी हसत असे. पण एका शुक्रवारी ते कागद समोर ठेवून नुसते बसून राहिले आणि म्हणाले, "बंद म्हणून लिहिलं तर रावजी माझ्या पायरीवर परत यायचा नाही. चालू ठेवा म्हणून लिहिलं तर घरी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि साहेब, मला ते बघायला आवडतं. हे कुठल्या रकान्यात लिहू?" त्या दिवशी मला हसू आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्यांना युक्ती सुचली. शिंगांना टोप्या! टोक झाकलं की पोट फाटत नाही. झुंज राहील, जखम जाईल, आणि अभिप्रायात 'योग्य ती खबरदारी घेतल्यास' असं एक गुळगुळीत वाक्य घालता येईल. त्यांनी बोर्डीजवळच्या झाईच्या कोळ्यांकडून जुन्या शिडाचं जाड कापड आणलं. टोप्या शिवायला सुमतीबाई आधी तयार नव्हत्या. "मी अर्ज करायचा आणि मीच टोप्या शिवायच्या?" असं म्हणून त्यांनी आठ दिवस काढले. मग म्हणाल्या, "निदान आतडी तरी बाहेर यायची नाहीत," आणि चार टोप्या शिवून दिल्या. आत काथ्या ठासून भरलेला, दुहेरी टीप. त्या बांधायला मास्तरांनी त्या कोळ्यांच्याच जाळ्याची दोरी वापरली. एका टोपीपासून निघून मानेमागून दुसऱ्या टोपीपर्यंत, आणि गाठ कोळ्यांची, ओढ बसेल तशी घट्ट होत जाणारी. "समुद्रात होडी धरते ती गाठ. रेड्याची काय बिशाद!" असं ते मला तीनदा म्हणाले.

पाडव्याला भोवऱ्याची झुंज पलीकडच्या पाड्यावरच्या काकड्या नावाच्या माणसाच्या तरण्या रेड्याशी लागली. दोन्ही मालकांनी टोप्या घालून घेतल्या, मास्तरांच्या शब्दाखातर. पोरंटोरं खो खो हसत होती. "लगीन हाय का रं रेड्याचा?" सुमतीबाई छत्री घेऊन आमच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या दिवशी मास्तर गंजीवर चढले नाहीत. बायकोच्या शेजारी सरळ उभे राहून झुंज बघायची ही त्यांची पहिलीच वेळ.

पहिली धडक झाली. टोप्यांनी काम चोख केलं. दुसरी, तिसरी धडक, रक्ताचा थेंब नाही. मास्तर माझ्याकडे पाहून लहान मुलासारखे हसले. चौथ्या धडकेला तरण्या रेड्याचं शिंग भोवऱ्याच्या मानेमागच्या दोरीखाली गेलं. त्याने मान झटकली आणि गाठ आवळली. दोन्ही डोकी एकमेकांना जखडली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक ओरडतच होते. भोवऱ्याचं वय झालेलं, तो थकला होता. त्याने मागे सरकून पाठ फिरवायचा प्रयत्न केला. दर साली अशा वेळी तो पळाला असता आणि झुंज संपली असती. त्याला पळता येईना. जितका मागे ओढे तितकी गाठ आवळे, आणि तरणा रेडा त्याला रेटत सुटला. भोवऱ्याचे पुढचे गुडघे टेकले. त्याचे डोळे पांढरे झाले आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की ढोल आपोआप थांबले. सगळ्या माळावर रावजीचा आवाज तेवढा ऐकू आला, "मास्तर, त्याला पळू द्या! पळू द्या हो त्याला!"

मास्तर धावले तेव्हा त्यांच्या हातात जखमेचा दोरा कापायची वाकडी कात्री होती. पन्नाशी उलटलेला, सुतळीचा चष्मा लावणारा माणूस दोन रेड्यांच्या डोक्यांमध्ये शिरला. मी जागचा हललो नाही. हेही आज कबूल करतो. गर्दीतून मला फक्त त्यांचा काळा कोट दिसत होता आणि तो कानाला लागून बोलणारा आवाज येत होता, "झालं हं, राजा. एकच टाका. एकच." दोरी तुटली. भोवऱ्या मोकळा होऊन थरथरत उभा राहिला आणि मग पळाला. पण दोरी तुटता तुटता तरण्या रेड्याने शेवटचा झटका दिला होता, आणि तेव्हा मास्तरांचा उजवा हात दोघांच्या शिंगांच्या मधे होता.

गवताच्या ट्रकमधून आम्ही त्यांना डहाणूला नेलं. सुमतीबाईंनी त्यांचा हात पदरात धरला होता. सगळ्या वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "टोप्या माझ्या होत्या." मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "गाठ माझी होती." दोन बोटं चिरडली होती. ती राहिली, पण कायमची ताठ झाली. त्या हाताने पुढे सुईत दोरा ओवला गेला नाही.

चौथ्या दिवशी मी बोर्डीला त्यांच्या घरी गेलो, तर पडवीत रावजी आणि काकड्या बसलेले. पहाटे निघून चालत आले होते. बरोबर एक मडकं आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. सुमतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हे काय आणलंय?"

"कुळीथ," रावजी म्हणाला. "भोवऱ्या हारला नाय. काकड्याचा जिकला नाय. मधी मास्तर पडले. मंग हारला कोन? मास्तर. तं आमचा दोघांचा काम हाय."

सुमतीबाईंनी कमरेवरचे हात काढले. मग त्यांनी आत जाऊन पाण्याचं तपेलं आणून दिलं. काकड्याने मास्तरांचा जखमी हात धुतला, रावजीने कुळथात भाकरी कुस्करून घास केला. मास्तर मोठ्या ऐटीत खुर्चीत बसून तोंड उघडत होते. "गुळाचा खडा विसरलास," त्यांनी रावजीला सुनावलं. जखम सुकेपर्यंत ते दोघे वाडीतल्या झोपडीत राहिले, चिकू उतरवायला मदत केली आणि एक वेळही चुकवली नाही. सुमतीबाई मला हळूच म्हणाल्या, "यांना क्रूर म्हणून मी अर्ज लिहिला हो." आणि रिकामं तपेलं उचलत, "तरी अर्ज बरोबरच होता."

अभिप्राय शेवटी मास्तरांनी सांगितला आणि हात बांधलेला असल्यामुळे लिहून घेतला सुमतीबाईंनी. तो मला पाठ आहे. 'झुंजीत जनावराला पळता आले पाहिजे. ते आपल्याला नेहमीच राखता येईल असे मला वाटत होते. मी स्वतः केलेल्या व्यवस्थेत ते राखता आले नाही. सबब झुंजी बंद कराव्यात. मला त्या पाहायला आवडत असत, हेही नमूद करतो.' मी शेवटचं वाक्य गाळा म्हणालो. त्यांनी गाळलं नाही. मी सही केली. महिन्याभराने ठाण्याहून खुलासा मागवण्यात आला, की तक्रारअर्ज आणि त्यावरचा सरकारी अभिप्राय एकाच हस्ताक्षरात कसा. त्या खुलाशाचा मसुदा मात्र मीच केला, आणि एका दिवसात केला.

रावजी चार महिने दवाखान्याच्या पायरीवर आला नाही. मास्तर मंगळवारी दारात येऊन बाजाराच्या रस्त्याकडे बघत आणि पुन्हा आत जाऊन डाव्या हाताने बाटल्या पुसत. पाचव्या महिन्यात तो आला आणि नेहमीच्या जागी बसला. मास्तरांनी चहा टाकला. त्या दिवशी पातेलं नक्की चुकलं होतं. आम्ही तिघेही तो मुकाट्याने प्यालो.

पुढे माझी बदली झाली. झुंजी एका कागदाने थांबल्या असं सांगणं खोटं होईल. काही पाड्यांवर त्या बरीच वर्षं चालल्या. रावजीच्या पाड्यावर मात्र पुन्हा झुंज लागली नाही. सहासष्ट-सदुसष्टच्या दिवाळीत मी डहाणूला काही कामाने आलो होतो, म्हणून पाडव्याला बोर्डी गाठली. मास्तर निवृत्त झाले होते, केस पांढरे, चष्म्याची सुतळी तीच. मला पाहून त्यांनी खिशात हात घातला आणि ताठ बोटांनी अडखळत चिकू काढला.

तेवढ्यात रस्त्यावर घंटा वाजली. रावजी येत होता आणि त्याच्यामागे तेल लावलेला, शिंगं गेरूने रंगवलेला, झेंडूची माळ घातलेला भोवऱ्या. चाल मंदावलेली, पाठीची हाडं वर आलेली. "दर साली आनतो," रावजी मला म्हणाला. "सजवला तं कुनी बघाया पायजे ना."

सुमतीबाई ताम्हन घेऊन बाहेर आल्या. टाचा उंचावूनही त्यांचा हात रेड्याच्या कपाळापर्यंत पोचेना. भोवऱ्या मान वर करून चिकूच्या झाडांकडे बघत उभा. मास्तर पायरी उतरून गेले. त्या ताठ बोटांनी त्यांनी रेड्याची मान चाचपली, जुन्या टाक्यांच्या वळांवरून एकेक करत हात फिरवला, आणि कानाला तोंड लावलं.

"मान खाली घाल, राजा."

भोवऱ्याने मान खाली घातली आणि सुमतीबाईंनी त्याला कुंकू लावलं.